वेळ उरल्यास

टिंग करून सेफ्टी पिन फरशीवर पडली आणि रविवार दुपारची झोपाळू शांतता तेवढ्यानेही दचकली.

"हलू नकोस गं," दुसरी पिन दातांत धरून विनिता म्हणाली.

"मी नाही हलले. शेपटी हलली."

शेपटी विनिताच्या जुन्या राखाडी ओढणीची होती, आत कापूस. सहा वर्षांची शमिका यंदा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात उंदीर होणार होती. गणपतीला पाठीवर वाहून दमलेला, आणि एकही मोदक वाट्याला न आलेला उंदीर स्टेजवर येऊन तक्रार करतो, असं छोटंसं भाषण विनिताने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तुकड्यातुकड्याने लिहिलं होतं. पोर भोपाळातच जन्मलेली. शाळेत हिंदी, खाली मैदानात हिंदी, भांडणं तर हिंदीतच. पण उंदीर झाली की तिच्या तोंडातून स्वच्छ, गोड मराठी यायचं. विनिताला मनापासून हवं होतं ते एवढंच: चार माणसांसमोर लेकीचं मराठी एकदा टाळ्या घेऊन जावं.

विनिताचा नवरा सत्यजित पिपलानी भागातल्या कारखान्यात ड्यूटीवर होता. मंडळाची सभा शिवाजी नगरात होती. तेव्हा बाग सेवनियातल्या घरून मायलेकी स्कूटीवर निघाल्या. शेपटी काढायला उंदीर तयार नव्हता.

अध्यक्ष भालचंद्रकाकांना सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण साहेबपणा अंगातून उतरला नव्हता. चहाबद्दलही ते "चहाचं प्रकरण कुठवर आलं?" असं विचारत. विनिता सरकारी ऑफिसात आहे म्हटल्यावर कार्यवृत्त लिहिणं आपोआप तिच्या गळ्यात पडलं होतं. जणू आठवडाभर तेच करून तिची हौस फिटत नसावी! तिचे ऑफिसातले साहेब प्रत्येक फाइलवर 'चर्चा करें' असं लिहून दौऱ्यावर निघून जात. चर्चा कधी होत नसे. फाइल तेवढी फिरून यायची, थोडी जाड होऊन. सोमवारच्या बैठकीत "सब सहमत हैं न?" म्हटलं की सगळ्यांचे हात वर जात. विनिताचाही जाई. हरकत घेतली की बैठक लांबते, आणि बैठक लांबली की पाळणाघरात शेवटचं मूल म्हणून शमिका दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असते. एवढं साधं गणित होतं ते.

इथे मात्र पगारही नव्हता आणि सुटकाही नव्हती. पाहुण्यांना शाल द्यावी की कुंडीतलं रोप, यावर माणसं तासभर तावातावाने बोलली.

"रोप वाळतं हो," महिला शाखेच्या रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. "शाल कशी, वर्षानुवर्षं टिकते."

"टिकते म्हणूनच तर मागच्या वर्षी मला माझीच जुनी शाल मिळाली," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"हे कार्यवृत्तात घेऊ नका," काका गंभीरपणे म्हणाले.

विनिताने खोडलं. मग 'शाल' लिहिलं, ते खोडून 'रोप' लिहिलं, शेवटी 'शाल अथवा रोप, अध्यक्षांच्या सोयीनुसार' लिहिलं. टेबलाखाली शमिका शेपटीचं टोक हातात घेऊन ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, "महाराज, तुमचं वजन काही कमी होत नाही..." इतक्या मोठ्या माणसांत अर्थाचं वाक्य बोलणारी ती एकटीच होती.

काकांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा ठराव एका दमात वाचला. "उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांचा आणि सर्व माजी अध्यक्षांचा सत्कार, प्रत्येकाचे दोन शब्द, त्यानंतर वेळ उरल्यास बालकलाकारांचा कार्यक्रम. सूचक?"

"मी," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या.

"अनुमोदक? चला, आटपा. सगळे सहमत ना?"

विनिता मान खाली घालून शाल आणि रोपच निस्तरत होती. 'सहमत' कानावर पडलं आणि तिचा डावा हात सोमवारच्या सवयीने वर गेला.

"अनुमोदक, विनिता. मंजूर. लिहा."

लिहिता लिहिता 'वेळ उरल्यास'पाशी तिचं पेन थांबलं. दोन शब्द घेऊन उभे राहिलेले माजी अध्यक्ष तिने पाहिले होते. वेळ तर सोडाच, प्रेक्षकही उरत नसत.

"काका, एक मिनिट. माझं अनुमोदन नाही. मुलांचा कार्यक्रम आधी घ्या ना. लहान आहेत, झोपून जातात."

"अगं, आत्ता तूच हात वर केलास," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. "हात काय गंमत म्हणून वर करतात?"

"चुकून गेला हो."

"चुकून असं काही सभेत नसतं," काकांनी चष्मा पुसला. "फेरविचाराचा लेखी अर्ज द्या. पुढच्या सभेत घेऊ."

"पुढची सभा कधी?"

"विसर्जनानंतर."

कुणी हसलं नाही. तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. एवढी शिकलेली डोकी, आणि एकालाही हसू फुटू नये! तिने कार्यवृत्ताची वही मिटून काकांपुढे सरकवली, टेबलाखालून लेकीला ओढलं आणि चहाच्या प्रकरणाची वाट न पाहता बाहेर पडली.

स्कूटीवर पुढ्यात उभी राहून शमिकाने शेपटी हँडलला गुंडाळली. सिग्नल लाल होता. ओढणीतून एक पिन निसटू पाहत होती. विनिताने ती दाबून बसवली.

"आई, आमच्या मॅम म्हणतात, ज्याला आन्सर येतं त्यानेच हात वर करायचा."

"हं."

"तू केलास ना वर?" शमिकाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मग तुला कुठलं आन्सर येत होतं?"