त्याच पिनेतल्या नोटा

लीलाला पहिला संशय आला तो पिनेमुळे. दांडिया बाजारातल्या नोकरदारांच्या पतपेढीत ती कॅशियर होती. नोटांना चिठ्ठी लावायची, हिरव्या शाईत रक्कम लिहायची आणि वर पिन टोचायची, ही तिची पद्धत. गोविंदने चार महिन्यांपूर्वी नेलेले तीनशे रुपये परत आणले, तेव्हा तीच चिठ्ठी, तीच पिन, त्याच नोटा! व्याज तेवढं त्याने खिशातून वेगळं काढून दिलं.

"केम, लीलाबेन, मजामां?" म्हणत त्याने पावती घेतली आणि लगेच पुन्हा तीनशेचा अर्ज पुढे केला.

लीला अजिबात मजेत नव्हती. या माणसावर तिचा जुना राग होता. पाच वर्षांपूर्वी ह्याच दिवट्याने पेढीतून दोन हजार उचलून, नोकरी सोडून करजणला रेडिओदुरुस्तीचं दुकान थाटलं. स्वारी दुकानात कमी आणि चहाच्या हातगाडीवर जास्त. हप्ते थकले, नाव पेढीच्या फळ्यावर चढलं आणि वाडीतलाच पोरगा म्हणून जामीन राहिलेल्या भास्कररावांच्या पगारातून चौदा महिने कपात झाली. भास्करराव म्हणजे लीलाचे वडील. त्या वर्षी ती बी.एड.ला जायची होती, ती या गल्ल्यावर येऊन बसली. पुढे गोविंद कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि त्याने भास्कररावांची पै न पै चुकती केली. पैसे फिटले, पण लीलाचं ते वर्ष कोण फेडणार?

राग होताच, पण उत्सुकता त्याहून वाईट. नको असलेलं कर्ज काढून वर व्याज भरायचं, हे कसलं विकतचं दुखणं? जुगार म्हणावा, तर नोटा हलत नव्हत्या. लग्न म्हणावं, तर तीनशेत कुणाचं लग्न होतं? तिसऱ्या खेपेला तीच पिन परत आली, तेव्हा तिला राहवेना.

"गोविंदराव, हे पैसे नेऊन करता काय?"

"पेटीत ठेवतो."

"मग नेता कशाला?"

गोविंद ओशाळला. "पेढीचा नियम आहे ना. एकदा थकबाकीदार झालेल्याची जामीनकीवर सही चालत नाही. तीन वर्षं कर्ज वेळेवर फेडलं, तरच चालते. तीनशेला जामीन लागत नाही, म्हणून तीनशेच नेतो. माझी सही चालायला हवी."

"कोणासाठी?"

"कोणासाठी नाही. कारखान्यातल्या एकाला जामीन हवा होता. मी पुढे झालो, तर त्याने हसून अर्जच काढून घेतला. त्या दिवशी जिवाला फार लागलं."

सेक्रेटरी रमाकांतकाका आतून ओरडले, "बूंद से गयी वो हौद से नहीं आती, बाबा!"

"म्हणून तर बूंदच आणतोय, काका," गोविंद म्हणाला.

लीलाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

पुढची दोन वर्षं ती पिन येत राहिली, जात राहिली. मग लीलाने स्वतःच अर्ज भरला. वर्षभर बिनपगारी रजा घ्यायची, बी.एड. करायचं, त्यासाठी तीन हजार. वय अठ्ठावीस. आता नाही, तर कधीच नाही. दोन जामीन हवे होते. एक सही वाडीतल्या कौशल्याबाईंनी दिली. भास्करराव निवृत्त झालेले, त्यांची चालत नव्हती. दुसऱ्या सहीसाठी तिने पाच जणांना विचारलं. कुणी "बायकोला विचारून सांगतो" म्हणालं, कुणी नुसतंच "जोईशुं, बघू या". फी भरायला तीन दिवस उरले.

अडला हरी! संध्याकाळी तिने गोविंदचं कार्ड काढलं. तीन वर्षं गेल्याच आठवड्यात पुरी झाली होती आणि एकही तारीख चुकलेली नव्हती. तिची अडचण पेढीभर कळली होती, तरी ह्याने आपण होऊन का विचारलं नाही, हे तिला उमगलं. विचारायला त्याला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या निरोपावरून तो आला, तेव्हा तिने अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "तुमची सही हवी आहे."

त्याने नाव वाचलं. हात पँटला पुसले, पेन घेतलं आणि सही न करता अर्ज वाचायला बसला. पुढून वाचला, मागून वाचला. व्याजाच्या ओळीवर बोट ठेवून हिशेब केला. लीलाचा जीव टांगणीला लागला.

"रजेत पगार नाही," तो म्हणाला, "मग हप्ते फेडणार कशातून?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मला विचारणार? हा? पण तो खरंच विचारत होता, भुवया आक्रसून, काळजीने. तिच्या मनात आलं, बाबांनी तेव्हा एवढं एक विचारलं असतं तर!

"सकाळी दोन शिकवण्या आहेत," ती म्हणाली. "त्यातून हप्ता भागतो. नोकरी लागली की दुप्पट भरीन."

"शिकवण्या कोणाच्या? सुटणाऱ्या नाहीत ना?"

तिने मुलांची नावं सांगितली, फी सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मगच सावकाश, एकेक अक्षर जपत सही केली.