ठमीला ठाऊक होतं

गवंड्याची आई जाऊन दोन दिवस झाले होते आणि ठमी गाय काही केल्या पान्हा सोडत नव्हती.

म्हातारीशिवाय ठमीच्या कासेला आजवर कुणाचा हात लागला नव्हता. अंगात ताप असो की पाय मुरगळलेला असो, बाई भिंत धरत धरत गोठ्यात जायचीच. आता कास दगडासारखी घट्ट झाली होती. गुरांचा डॉक्टर सकाळी बजावून गेला होता, "संध्याकाळपर्यंत दूध निघालं नाही तर कास नासेल. मग गाय हातची गेली म्हणून समजा."

गवंड्याने सगळे उपाय करून पाहिले. आधी गोंजारलं, मग ओरडला, शेवटी बायकोच्या सांगण्यावरून आईची शाल पांघरून गोठ्यात शिरला. ठमीने शाल नीट हुंगली आणि अशी लाथ झाडली की चरवी एकीकडे आणि गवंडी दुसरीकडे.

"गाय आहे ती, आंधळी नाही," दारातून बायको म्हणाली. जणू शालीची अक्कल शेजाऱ्यांनी दिली होती!

शेणात बसल्या बसल्या त्याला रडू फुटलं. आईच्या जिवाभावाचं एवढंच मागे उरलं होतं, आणि तेही त्याला सांभाळता येईना. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. याच ठमीच्या आजी-पणजीचं दूध दारोदार घालून आईने त्याला हातात थापी धरण्याइतका मोठा केला. पुढे त्याच्या मुलीचंही सगळं तिनेच केलं. पण कौतुकाच्या बाबतीत बाई पक्की कंजूष. हा गोठा त्याने बांधला तेव्हा अख्खं गाव बघून गेलं. आईने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं आहे." उभ्या आयुष्यात त्याच्या कामाला तिच्याकडून एवढंच मिळालं. तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतो, असं तिचं ठाम मत होतं.

मुलगी शहरातल्या दवाखान्यात नर्स होती, आजीसाठी धावत आलेली. तिने बापाला हात देऊन उठवलं.

"बाबा, धार काढताना आजी गप्प नसायची."

"मग काय, गाणी म्हणायची?"

"बडबडायची. तुम्ही तेव्हा कामावर असायचात. मी पेला घेऊन इथंच बसायचे, मला सगळं पाठ आहे. तुम्ही बसा, मी बोलते."

तिने ठमीच्या मानेवर हात ठेवला आणि आजीच्याच संथ सुरात सुरू केलं, "ठमे, ऐकलंस का? माझ्या लेकाने शाळेची भिंत उभी केली. ओळंबा लावून बघ, केसाएवढा फरक सापडायचा नाही. तुझा गोठा बघ, कधी थेंब गळला? बापाविना वाढला गं, पण कुणाचं वाईट केलं नाही त्याने. मी आणखी काय मागू? चल, पाय घे मागे."

ठमीने मुकाट पाय मागे घेतला. चरवीत पहिली धार वाजली.

गवंड्याचे हात तिथेच थांबले. "हे माझ्याबद्दल?"

"रोज."

"मग मला का नाही कधी बोलली?"

"तुम्ही शेफारला असतात."

तो हसला, आणि हसता हसता डोळे भरून आले. एवढं मोठं देणं आई त्याच्याच गोठ्यात ठेवून गेली होती. तो मनोमन तिच्या पाया पडला आणि पुन्हा धार काढू लागला. मुलगी बोलत राहिली, कास हळूहळू मऊ होत गेली.

चरवी भरत आली तशी त्याला मुलगी नर्स झाली तो दिवस आठवला. ती धावत सांगायला आली होती, आणि तो काय म्हणाला होता? बरं आहे.

"ठमे," त्याने घसा खाकरला, "ऐक. माझी पोर..."

मग तो बोलायचा थांबला. धार काढता काढताच गायीकडून तोंड वळवून त्याने सरळ मुलीकडे पाहिलं.

"पोरी, तुझ्यासारखी लेक मिळाली हे माझं भाग्य. तू नर्स झालीस त्या दिवशी रस्त्यात थांबवून लोकांना सांगत होतो मी."

तिने ओढणीने डोळे पुसले.

"बाबा, चरवीकडे बघा," ती कशीबशी म्हणाली, "दूध सांडतंय."

"सांडू दे," गवंडी म्हणाला.