लाल फुल्या

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. चौदा वर्षं झाली. काम एकच, चूक शोधायची. पीस जरा कमी-जास्त निघाला की त्यावर लाल फुली मारायची आणि बाजूला टाकायचा. लोक मागून शिव्या घालतात, घालू देत. माझ्या हातून सुटलेला एक खराब पीस दाखवा राव!

त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "वडिलांना डिमेन्शिया आहे, विसरणं वाढत जाणार," तेव्हा मी मनात म्हटलं, वाढतंय कसं, मी बसलोय ना! दुसऱ्याच दिवशी पांढरा बोर्ड आणला आणि संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरात तात्यांच्या खुर्चीसमोर ठोकला. रोज पाच वाजता, चहाच्या आधी, प्रश्न. आज वार कोणता? सकाळी काय खाल्लं? मी कोण? 'गणराज' म्हणाले की हिरवी खूण, चुकले की लाल फुली.

आमचे तात्या, हिंदुराव, पहिल्यापासून भलते बोलके. शिराळ्याहून पिंपरीला आले आणि तीस वर्षं लेथवर काढली, त्याच्या गोष्टी संपता संपायच्या नाहीत. आता त्यांत सरमिसळ व्हायला लागली होती. "काल भीमराज आलता," म्हणायचे. भीमराजकाका जाऊन नऊ वर्षं झालेली. मी लगेच, "चूक, तात्या. काका वारले." की ते गप्प. थोड्या वेळाने पुन्हा भीमराज, पुन्हा मी.

"अहो, येऊ द्या की त्यांच्या भीमराजला. तुमचं काय जातंय?" दीपमाला, माझी बायको, एकदा म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो. "लाड करून माणूस बरा होत नाही!"

हळूहळू तात्या बोलायचेच बंद झाले. मला वाटलं आजार वाढला, म्हणून मी प्रश्न वाढवले. काय तरी शहाणा मी!

परवाच्या रविवारी दीपमालाने मला ओढत कासारवाडीला नेलं. एका शाळेच्या हॉलमध्ये अशा पेशंटच्या घरच्यांची बैठक होती. शिकवायला विजयश्री मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "घरी परीक्षा कोण कोण घेतं?" मी हात ताठ वर केला. वर बोर्डाचा फोटोसुद्धा दाखवला.

मॅडमनी फोटो जवळ घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "भाऊ, हे थांबवा. त्यांना उत्तर आठवत नाही, पण चुकल्याची लाज मनात राहते. मग माणूस बोलणंच सोडतो. बोललंच नाही तर चुकायचंही नाही."

"पण चूक दाखवली नाही तर सुधारणार कशी?"

"सुधारणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आजारच तसा आहे. गेलेलं माणूस आलं म्हणाले, तर काय म्हणत होतं ते विचारा. बोलतील तोवर ऐकून घ्या."

येताना गाडीवर मला जुनी गोष्ट आठवली. आयटीआयला असताना मी तात्यांच्या लेथवर तीन पीस वाया घालवले होते. "ऱ्हाऊ दे, दुसरा लाव," एवढंच ते म्हणाले होते. आणि मी? त्यांना बोलता येत होतं ते अख्खं वर्ष मी फुल्या मारण्यात घालवलं. आता ते कुठून आणू?

घरी आल्या आल्या बोर्ड काढून माळ्यावर टाकला. पाचच्या सुमाराला तात्या आपले आपण बाहेर आले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खुर्चीत बसून, गुडघ्यांवर हात ठेवून ते रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो.

"तात्या, आज प्रश्न नाहीत. भीमराजकाका काय म्हणत होते, सांगा की."

त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. किती महिन्यांनी ते एवढं बोलत होते!

"साहेब, मला आज काय बी आठवंना झालंय. वार बी न्हाय."

"असू दे."

"एक काम करा. माझा गणराज यील आता शिफ्टवरनं. त्याला सांगा, समदं बरोबर आलं म्हणून. माझं चुकलं की लई तरास करून घेतोय वो पोरगं."

'चूक, तात्या, मीच गणराज,' अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

"सांगतो," मी म्हणालो.