एकशे दहावरची लाल रेघ

मी रेघ बोलतेय. लाल, हातभर लांब आणि जराशी वाकडी. मेक्सिकोतल्या वेराक्रूझकडच्या एका उसाच्या गावात, छोट्या दवाखान्याच्या भिंतीवर माझा जन्म झाला.

छापील तक्ता येता येईना, म्हणून अंपारो सिस्टरनं भिंतीवर आकड्यांची शिडी काढली आणि एकशे दहावर स्वतःच्या नेलपॉलिशनं मला ओढलं. "उपाशीपोटी साखर हिच्या खाली तर बरं. वर गेली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर," ती सगळ्यांना सांगायची.

झालं! गावानं मला परीक्षाच करून टाकलं. तपासणी जवळ आली की घरोघरी गोड पाव बंद आणि साखर उतरवणारी निवडुंगाची भाजी सुरू. आकडा माझ्या खाली आला, की दवाखान्याच्या पायरीवरच गोड सरबताची बाटली उघडायची. मला हसू यायचं तेव्हा.

झेनायदा गोड पाव भाजून विकायची. तिची आई साखरेनंच गेली होती, आधी पाय गेला, मग डोळे. तपासणीला आली तेव्हा कडेवर तिची छोटी लेक लुपे होती आणि शेजारी पेत्रा, लुपेची बाप्तिस्म्याची धर्ममाता.

"आठवडाभर निवडुंगाशिवाय काही खाल्लं नाहीस ना?" पेत्रानं बाकावर कुजबुजत विचारलं.

"अगं, आता अंगावर काटेच यायचे राहिलेत!"

बोट टोचलं. एकशे आठ.

"खाली! खाली आले मी!" झेनायदा रडतच नाचली. धावत येऊन तिनं मला हात लावला, देवाच्या पायाला लावतात तसा.

"नाचतेस कसली? काठावर आहेस," सिस्टर म्हणाली. "वर्षानं परत ये."

"काठावर म्हणजे विहिरीत नाही ना, सिस्टर?"

संध्याकाळी तिनं दवाखान्यात टोपलीभर पाव पाठवले. ती मात्र पुन्हा आली नाही. पास झालेला माणूस परत परीक्षेला कशाला बसेल? त्या एकशे आठामागे निवडुंगाचा आठवडा होता, हे मला ठाऊक होतं. पण भिंतीला कान असतात, तोंड नसतं.

पुढे वरून हुकूम आला, रेघ शंभरावर आणा. सिस्टरनं मला ब्लेडनं खरवडलं. गिलाव्यात खाच पडली. मग नव्या जागी मला पुन्हा ओढलं.

गावात एकच कल्ला! "काल बरा होतो, आज रेघ घसरली म्हणून मी आजारी?" कुणी म्हणे, "रेघेलाच अशक्तपणा आलाय, तिला आधी सलाईन लावा!"

सिस्टर झेनायदाच्या भट्टीवर जाऊन आली. परतली ती पडेल चेहऱ्यानं. पेत्राला म्हणाली, "ऐकत नाही गं. म्हणते, माझा निकाल जुन्या रेघेवर लागलाय."

वर्षं सरली. परवा झेनायदा आली, लुपेचा दंड धरून. लुपे आता लग्नाची झालीय. झेनायदाचा एक पाय फडक्यात गुंडाळलेला होता आणि नजर माझ्यावरून सरकून कुठेतरी भलतीकडेच लागली होती.

"रेघ कुठाय गं?" तिनं विचारलं.

लुपेनं तिला भिंतीशी आणलं. चाचपडत तिचं बोट जुन्या खाचेत शिरलं आणि तिचा चेहरा उजळला.

"ही बघ, लुपे. मी हिच्या खाली होते. तुला कडेवर घेऊन नाचले होते इथं."

सिस्टरनं तिचा हात धरून खाली आणला, माझ्यावर ठेवला.

"इथं आहे ती आता."

झेनायदानं माझ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आईसारखंच झालं माझं."

माझं काळीज फाटलं. बाई गं, रक्तात कुठे रेघ असते? ती माणसांनी ओढायची, माणसांनीच खोडायची. मी फक्त हाक मारायला होते, निकाल द्यायला नव्हते. माझ्या वर या की खाली, पण परत या, एवढंच सांगायचं होतं गं.

झेनायदानं बोट काढून घेतलं. लुपे अजून तिथंच उभी होती. तिनं बाही वर सारली आणि सिस्टरपुढं हात केला.

"सकाळपासून काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली. "आणि काल रात्री आईच्याच हातचा पाव खाल्लाय. खरं काय ते बघा."