लाजेची फी

कंपनीचा माणूस पहिल्या चहाला नाही म्हणाला नाही आणि दुसऱ्यालाही नाही. प्रॉसर त्याचं नाव. बोलणं लोण्यासारखं, बूट चकचकीत, आणि खुर्चीत असा रेलून बसलेला की घर त्याचंच आणि नेस्ता पाहुणी.

"बँकेनं तुमच्याकडून जे दंड उकळलेत ना, मिसेस बेव्हन, ते परत मिळतात," तो म्हणाला. "हल्ली बँका फार ताणत नाहीत. पंधरा दिवसांत पैसे खात्यात. तुम्ही फक्त सही करायची, बाकी आमच्यावर सोडा."

"आणि तुमचं काय?"

"सुरुवातीची थोडी फी. मग जे परत येईल त्याचा तिसरा हिस्सा." त्याने कप खाली ठेवला. "आणि आमची पत्रं साध्या पाकिटातून येतात हं. वर कंपनीचं नाव नसतं. गावात कुणाला कळायचं कारणच नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने मुद्दामच शेवटी ठेवलं असणार. दरीतल्या या गावांत दारोदार फिरून त्याला एवढं नक्की कळलं होतं की माणसं पैशासाठी सही करत नाहीत, झाकण्यासाठी करतात. नेस्ताने कागद ठेवून घेतले आणि सोमवारी कळवते म्हणाली. जाताना त्याने आपलं कार्ड घड्याळाखाली टेकवून ठेवलं.

तिला झाकायचं होतं ते हेडनसाठी. तिचा नवरा हेडन कोळशाच्या खाणीत होता तोवर खाणीत आणि ती बंद पडल्यावर मिळेल तिथे राबला, पण गाव त्याला ओळखायचं ते नाताळच्या भिशीमुळे. वर्षभर दर शुक्रवारी तो पत्र्याचा डबा घेऊन आळीत फिरायचा आणि डिसेंबरात ज्याचे त्याला पैसे द्यायचा. एका पेनीचाही घोळ कधी झाला नाही. लोक बँकेपेक्षा त्या डब्यावर जास्त विश्वास ठेवायचे, आणि बरोबरच होतं त्यांचं.

मग त्याच्या छातीतली खाणीची जुनी धूळ उसळली. आजारपणाचा भत्ता यायला उशीर व्हायचा, आणि विजेचे, घरभाड्याचे पैसे मात्र ठरल्या तारखेला खात्यातून निघायला उभे. खात्यात काही नाही म्हणून बँक ते परत पाठवायची, आणि परत पाठवल्याबद्दल वर दंड घ्यायची. त्या दंडाने पुढच्या महिन्याला खड्डा पडायचा आणि त्या खड्ड्याचा पुन्हा दंड. पैसे नसल्याची शिक्षा पैशातच! असली अक्कल बँकेलाच सुचू जाणे. हेडन पलंगावरून विचारायचा, "कसलं गं पाकीट?" आणि नेस्ता म्हणायची, "जाहिराती रे, दुसरं काय येतंय." तो शरद ऋतूत गेला, आणि आपल्या घराचं खातं उण्यात आहे हे त्याला कळलं नाही, एवढंच समाधान तिने उराशी धरून ठेवलं.

आता प्रश्न त्याच्या दगडाचा होता. डोंगरउतारावरच्या दफनभूमीत हेडनच्या मातीवर अजून लाकडी क्रूसच होता. माती बसेपर्यंत सगळ्यांच्याच तो असतो, त्यात काही कमीपणा नाही. पण माती बसली होती, पाथरवटाने नाव कोरून दगड आपल्या अंगणात तयार ठेवला होता, आणि फुलांचा रविवार तीन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी झाडून सारं गाव बादल्या, ब्रश आणि डॅफोडिलची पिवळी फुलं घेऊन वर चढतं, आपापल्या माणसांचे दगड घासून फुलांनी झाकतं, आणि दुसऱ्यांचे बघून येतं. बेरिल प्यूने तर परवाच दुकानात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अजून लाकूडच का गं नेस्ता?" बेरिलच्या नवऱ्याला काळ्या ग्रॅनाइटचा दगड होता, त्यावर सोनेरी अक्षरं. तिने तसं विचारणं ओघानेच आलं.

भिशीच्या जुन्या डब्यात दगडासाठी साठवलेले पैसे होते, पण ते पुरत नव्हते. बँकेचे परत आले तर पुरणार होते. प्रॉसरची फी द्यायची तर ती याच डब्यातून.

तसं बघितलं तर फुकटचा रस्ताही होता. चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सल्ल्याचं टेबल मांडलं जायचं. बँकेची पत्रं, भत्त्यांचे फॉर्म, सगळं तिथे निस्तरून मिळायचं. पण त्या टेबलामागे ऑल्वेन बसायची. हेडनची थोरली बहीण.

आणि ऑल्वेनने आईचं कपाट विकलं होतं.

ओकचं, वर ताटांच्या फळ्या, खाली खण, चार पिढ्या घरात असलेलं ते कपाट. आईची सेवा केली म्हणून ते ऑल्वेनकडे राहिलं होतं, पण ऑल्वेननंतर हेडनकडे यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात कार्डिफहून व्यापाऱ्याची गाडी आली आणि कपाट घेऊन गेली. "जागा अडवत होतं," एवढंच ऑल्वेन म्हणाली. हेडन तिच्याशी त्यानंतर धड बोलला नाही. आजारपणात ती सूप घेऊन यायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. "तिला आईची ताटं जड झाली," असं एकदा म्हणाला, आणि तसाच गेला. अशा बाईसमोर जाऊन, आमच्या घरातही पैसे नव्हते, असं सांगायचं? त्यापेक्षा तिसरा हिस्सा परवडला, असं नेस्ताला वाटत होतं.

शनिवारी ऑल्वेन स्वतःच आली. हातात तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या केकचा डबा. फुलांच्या रविवारी कोणी किती फुलं आणायची ते ठरवायला आली होती, आणि एरवीसारखीच दारातून बोलत आत शिरली.

"गेल्या साली बेरिलनं प्लॅस्टिकची आणली होती, बघितलीस ना? नवरा प्लॅस्टिकचा असल्यासारखी. मी म्हणते, आपण..."

ती थांबली. तिची नजर घड्याळाखालच्या कार्डावर होती.

नेस्ताने पुढे होऊन कार्ड झाकलं. मग तिला रागच आला. "हो, बघ," ती म्हणाली. "नीट बघून घे. उणे आहे आमचं खातं. हेडनच्या हयातीतच होतं. आता मंगळवारी सगळ्यांना सांग."

कोट न काढताच ऑल्वेन प्रॉसरच्याच खुर्चीत बसली, आणि तिचा चेहरा असा उतरला की नेस्ता घाबरून पाणी आणायला वळली.

"पाणी नको. सही केलीस?"

"सोमवारी करणार आहे."

"दोन कप चहा प्यायला ना तो? माझ्याकडेही दोन प्यायला होता."

नेस्ता मागे फिरली. "तुझ्याकडे? तू तर तिथं बसून सगळ्यांना सांगतेस, कुणाला एक पैसा देऊ नका, पत्र आपलं आपण लिहिता येतं म्हणून!"

"सांगते. आणि माझ्या वेळी मी कुणासमोर बसणार होते? ते टेबल माझंच आहे ना." तिने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "आईच्या शेवटच्या वर्षात माझंही खातं उण्यात गेलं होतं. बँकेनं दंड परत दिला, प्रॉसर खोटं बोलला नाही त्यात. पण तो पैसा गेला उण्याच्या खड्ड्यात. बँकेनंच दिला आणि बँकेनंच गिळला. माझ्या हाताला एक नाणं लागलं नाही. आणि कंपनी आली तिसरा हिस्सा मागायला. रोख! त्यांना काय, रक्कम परत आली ना? सही होती माझी. पत्रं येत राहिली, त्याच साध्या पाकिटातून. पुढं कोर्टाची भाषा सुरू झाली."

"मग?"

"मग कार्डिफहून गाडी आली."

बाहेरून कुणीतरी कुत्र्याला हाका मारत गेलं. नेस्ता उभीच होती. भिंतीकडे तोंड फिरवलेला हेडन तिच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि पलंगाशी सूप धरून उभी असलेली ही.

"त्याला का नाही गं सांगितलंस?" नेस्ता म्हणाली. "तो तुझ्यावर रागावून गेला, ऑल्वेन. रागावून!"

"कुणाला सांगू? भिशीवाल्या हेडनला? बहिणीच्या खात्यात खड्डा आहे म्हणून?" ऑल्वेनने नाक पुसलं. "तू सांगितलंस?"

एकाच माणसाची मान ताठ राहावी म्हणून दोघी गप्प बसल्या होत्या, आणि त्याची किंमत त्यानेच भरली होती. नेस्ताला रडू आलं ते आवरलं नाही. ऑल्वेनलाही नाही. केक तसेच राहिले.

संध्याकाळी नेस्ताने कार्ड चुलीत टाकलं. बँकेला पत्र दोघींनी मिळून लिहिलं, प्रॉसरने कप ठेवला होता त्याच टेबलाशी, चहाचे डाग पुसून. ऑल्वेनने स्वच्छ सांगितलं, "पैसे आले तरी खड्डाच भरेल. पुढचे दंड तेवढे थांबतील. फुलांच्या रविवारी काही दगड उभा राहत नाही, पोरी." नेस्ताने मान हलवली. ते तिला आधीच कळलं होतं, आणि त्याचं दुःख काही कमी नव्हतं.

फुलांच्या रविवारी उतारावर पिवळंधमक झालं होतं. वारा बोचरा होता. बादल्यांचे आवाज, ब्रशांची घासाघीस, आणि या सगळ्यात हेडनचा लाकडी क्रूस, पावसाने काळवंडलेला. घासायला काही नव्हतं, म्हणून नेस्ताने गवत उपटलं. ऑल्वेनने पिशवीतून आईचा निळा चिनीमातीचा जग काढला. कपाटातला तेवढा एकच तिने ठेवून घेतला होता. त्यात डॅफोडिल लावून तिने तो क्रूसाशी ठेवला.

मग ती ताठ उभी राहिली आणि चॅपेलमध्ये बायबल वाचायची त्याच खणखणीत आवाजात बोलली.

"हेडन, आईचं कपाट मी विकलं ते देणं भागवायला. ताटं जड झाली म्हणून नाही. तुला सांगायची लाज वाटली."

आजूबाजूचे ब्रश थांबले. नेस्ताला पळून जावंसं वाटलं. पण ती ऑल्वेनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"त्या जाहिराती नव्हत्या रे," ती म्हणाली. "बँकेची पत्रं होती. आपलं खातं उण्यात होतं. अजून आहे. म्हणून दगड नाही आला. येईल, पण आज नाही."

हळूहळू ब्रश पुन्हा सुरू झाले. दोघी गुडघ्यांवर बसून माती सारखी करू लागल्या, मान वर न करता.

थोड्या वेळाने शेजारी सावली पडली. बेरिल प्यू रिकामी बादली घेऊन उभी होती. पाण्याचा नळ दुसऱ्या टोकाला होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या मागे तिच्या नवऱ्याची सोनेरी अक्षरं उन्हात चमकत होती.

"मंगळवारी," बेरिल जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "किती वाजता बसतेस गं तू?"

ऑल्वेनने नेस्ताकडे बघितलं.

"दहाला," नेस्ता म्हणाली. "मीपण असेन. चहा ठेवते."