उंबऱ्याशी अडलेली औषधगाडी

मित्रांनो, मला एकदा ढकलून पाहा, म्हणजे माझे वय विचारावे लागणार नाही. मी मिनेसोटातल्या एका रुग्णालयातली औषधांची गाडी आहे. नवी होते तेव्हा परिचारिका मला एका बोटाने वळवत. आता मी कुरकुरते, आणि खरे सांगायचे तर फार थकले आहे.

हा थकवा औषधांच्या ओझ्याचा नाही, सुधारणांचा आहे. दर वर्षी-दोन वर्षांनी वरून कोणीतरी नवी सुधारणा आणते. एकदा माझे खण रंगवले. एकदा माझ्यावर 'औषध देणाऱ्या परिचारिकेशी बोलू नका' अशी पाटी लावली. दर वेळी भिंतीवर फलक लागले, केक कापला गेला आणि महिनाभरात सारे मूळ पदावर आले.

शेवटची सुधारणा मात्र खरेच चांगली होती. माझ्या डोक्यावर संगणक बसवला. त्याला रुग्णाच्या मनगटावरची नावाची पट्टी दाखवायची, मग औषधाचे पाकीट. दोन्ही जुळले तरच गोळी द्यायची. पण त्या वजनाने माझे मागचे चाक बसले आणि मला खोलीचा उंबरा ओलांडवेना. पट्टी वाचणाऱ्या यंत्राची तार दारापासून खाटेपर्यंत पुरेना. मार्लिस नावाच्या परिचारिकेने हे पहिल्याच दिवशी सांगितले.

"ते मागाहून बघू गं, आधी सवय तर होऊ दे," विभागप्रमुख कोरली म्हणाली.

मग सगळ्यांनी पळवाट काढली. प्रत्येक रुग्णाची जादा पट्टी छापून माझ्या मुठीला अडकवली. ती दारातच यंत्राला दाखवायची आणि गोळी घेऊन आत जायचे. संगणक खूश, कोरली खूश. पुन्हा केक आला.

एका सकाळी आर्वो नावाच्या आजोबांच्या दारात, घाईत मार्लिसच्या हाती शेजारच्या खोलीतल्या रुग्णाची पट्टी आली. त्या नावाने खणातून गोळीही त्याचीच निघाली. दोन्ही जुळले, संगणकाने होकार दिला. आर्वो आजोबांनी ती मधुमेहाची गोळी निमूट गिळली. त्यांना मधुमेह नव्हताच. दुपारी रक्तातली साखर उतरून ते घामाने भिजले, त्यांची जीभ अडखळू लागली.

"आजोबा, डोळे उघडा! माझ्याकडे बघा!" मार्लिस ओरडत होती. मी दारात उभी होते. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

शिरेतून साखर दिल्यावर आजोबा शुद्धीवर आले. "रडतेस कशाला पोरी? आहे अजून मी," ते पुटपुटले.

कोरलीने मार्लिसला बाहेर गाठले. "हातावरची पट्टी का नाही बघितलीस?"

"तू ढकल ही गाडी आत. ढकल ना!"

कोरलीने ढकलले. मग खांदा लावून ढकलले. मी हलले नाही. मग तिने वाकून माझे बसलेले चाक पाहिले.

"तू सांगितलं होतंस," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवे चाक बसले. ते तळघरातल्या कपाटात पडूनच होते.

मित्रांनो, बदल जरूर आणा. पण ज्यांनी तो रोज ढकलायचा, त्यांना आधी विचारा आणि त्यांचे उत्तर ऐका. आमच्यासारख्यांच्या चाकांकडेही अधूनमधून बघत जा.

आता मी खाटेपर्यंत सहज जाते. आजोबा बरे होऊन घरी गेले. पण संगणकाने होकार दिला, तरी मार्लिसचा गोळी धरलेला हात पुढे होत नाही. शेवटी रुग्णालाच म्हणावे लागते, "देतेस ना, बाई?"