माय म्हणून आलो, नागीण म्हणून उठलो

मी कांजिण्यांचा विषाणू बोलतोय. नाक मुरडू नका. माझाही एकेकाळी मानपान झालाय.

निजामी संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात करमाडच्या चिमुरड्या सारजाच्या अंगावर मी उगवलो. "पोरीला माय आली," म्हणत तिच्या आईनं दाराला लिंबाचा डहाळा खोचला, फोडणी बंद केली, मला दहीभात दाखवला. आठवड्यात पोरगी खेळायला लागली. सगळ्यांना वाटलं, मी गेलो.

गेलो कुठला! तिच्या कण्यालगतच्या नसेत अंग चोरून पडून राहिलो. तिचं लग्न, उशिरा झालेला बद्रीनाथ, वैधव्य, मग गारखेड्यातलं लेकाचं घर, सगळ्यात मी सोबत होतो. माझ्याइतकं जवळचं तिला कुणी नव्हतं.

मग सून आशाला दिवस गेले. आशाला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सारजाबाईच करणार होती. दुपटी शिवणं काय, डिंक आणणं काय! येता-जाता बाळ, बाळ, बाळ! माझा नुसता जळफळाट झाला. तिचं अंग आता थकलं होतं. नववा महिना लागताच मी उठलो आणि तिच्या कमरेवर पेटलो.

या खेपेला मानपान नाही. शेजारीण म्हणाली, "नागीण हाय!" आणि माझ्यावर लाल मातीची काव फासली.

"आत्या, उद्यापासून मी लावते," आशा म्हणाली. नागीण कुणाला लागत नाही, अशीच घरात समजूत. मी टपूनच बसलो.

पण सकाळीच बद्रीनाथनं सगळ्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बरोबर ओळखलं.

"या लहानपणच्या कांजिण्याच. लेकरांना हलक्या जातात, म्हातारपणी नागीण होऊन जाळतात. सूनबाई, तुम्हाला आल्या होत्या?"

"नाय."

"मग खपल्या धरेपर्यंत लांब राहा. आत्ता लागण झाली तर तान्ह्याच्या जिवावर बेतेल."

सारजाबाई तिथंच उठली. "बद्री, मला करमाडला सोड."

"माय, मग बाळंतपण?"

"तुझ्या दगडामावशीला बोलीव, ती करील. म्या नाय थांबायची."

करमाडच्या घरात आम्ही दोघंच. आता ती माझी, असं मला वाटलं. लई जाळलं तिला. ती आपली दुपटी शिवत राहिली.

एके दिवशी शेजारच्या तात्यासाहेबांकडं फोन आला. बद्रीनाथनं रिसीव्हर बाळाच्या तोंडाशी धरला होता. माझ्या आगीनं एकदाही न रडलेली बाई ते ट्यँ ट्यँ ऐकून ढसाढसा रडली.

आज खपल्या गळाल्या. पिशवी भरून ती एसटीची वाट बघतेय. मी पुन्हा नसेत जाऊन पडतो. मला शिव्या द्यायच्या तर द्या, पण जरा माझंही बघा. जन्मभर मी तिच्या अंगात राहिलो, आणि तिचा जीव मात्र गारखेड्याच्या पाळण्यात.